नव्या डॉक्टरीणबाईंचा पहिला पेशंट

परक्या देशातून डॉक्टर म्हणून आलेले बाबा या खेड्याचेच होऊन गेले. ते निवृत्त झाल्यावर नवी डॉक्टरीण आली, तीही परदेशातलीच. पण तिच्याकडे कुणी फिरकेना. सगळे आमच्याच दारात.

"अशानं ती कंटाळून निघून जाईल, दवाखान्याला कुलूप लागेल!" म्हणत बाबा माझ्या बाळाला कडेवर घेऊन तडक दवाखान्यात गेले. मागे सगळी वरात.

"बाई, आधी मला तपासा, मग या बाळाला."

तिनं रक्तदाब पाहिला. "काका, मीठ कमी करा."

"हेच तर मी जन्मभर यांना सांगत आलो!"

"मग स्वतः का नाही ऐकलंत?"

हशा पिकला. शेजारच्या आजी लगबगीनं पुढे सरकल्या. "उठा डॉक्टर, आता माझा नंबर. तुम्हाला झापते म्हणजे पोरगी हुशार दिसते."

बाबा इतक्या खुशीत कधीच उठले नव्हते.