लाल बटणाखालची बाई

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि माझ्या पोटात एक बाई गुणगुणते. घाबरू नका मित्रांनो, ती कुणाला त्रास देत नाही.

ती कपडे शिवायची. मशीन चालवता चालवता काहीबाही गुणगुणायची. एका दुपारी आपला आवाज कसा येतो ते बघावं म्हणून तिनं माझं लाल बटण दाबलं. ऐकल्यावर स्वतःशीच लाजली. मग कात्रीच्या टोकानं कॅसेटच्या मागचा प्लास्टिकचा इवलासा तुकडा मोडला. तो मोडला की लाल बटण दाबलंच जात नाही, आतला आवाज कुणाला पुसता येत नाही. घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. पुढे ती आजारी पडली आणि गेली.

तिची दोन मुलं मोठी झाली. ताई गायची, धाकटा गिटार बडवायचा. बडवायचा म्हणजे काय, शेजारी भिंत ठोकायचे! पहिलं गाणं भरायला त्यांना कॅसेट हवी होती. आईच्या शिवणाच्या डब्याच्या तळाशी ही सापडली. धाकट्यानं मोडक्या जागेवर चिकटपट्टी लावली आणि लाल बटण दाबलं.

वयोमानानं माझं पुसायचं काम कच्चं झालं होतं. गाणं वाजवून पाहिलं, तर गिटारमागून मशीनची खटखट आली आणि तिच्यामागून गुणगुण. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "आई," एवढंच ती म्हणाली.

त्या गाण्यानं दोघांचं नशीब उघडलं. रॉक म्हणावं तर मध्येच अंगाई, अंगाई म्हणावी तर शिलाई मशीनचा ठेका. कुठल्या कप्प्यात ठेवावं ते दुकानदारांना कळेना, पण ऐकणारे वेडे झाले. मागची खरखर काढून टाकू, असं कंपनीचे साहेब म्हणाले, तेव्हा ताईनं त्यांना चांगलंच सुनावलं. मग साहेबांना तसलीच आणखी गाणी हवी झाली. दोघं पुन्हा पुन्हा त्याच कॅसेटवर भरू लागले. टाळ्या वाढल्या, सभागृहं मोठी झाली, आणि दर गाण्याखाली ती बाई आणखी खोल गेली. माझा जीव तुटायचा. पण मी पडलो यंत्र, कुणी वाजवेल तेवढंच बोलणार.

एकदा नवं गाणं ऐकताना गुणगुण आलीच नाही. दोघं कान देऊन बसून राहिले. गाणं संपलं. कॅसेटच्या अगदी शेवटी, जिथे त्यांचं कुठलंच गाणं पोचलं नव्हतं, तिथे मशीन थांबल्याचा आवाज आला आणि बाई स्वच्छ म्हणाली, "चला रे, हात धुऊन या."

धाकटा ताडकन उठला. एवढा मोठा बाप्या, दारापर्यंत गेला आणि तिथेच थबकून रडला.

"साहेबांना अजून एक गाणं हवंय, ताई," तो डोळे पुसत म्हणाला.

ताईनं चिकटपट्टी सोलून काढली. "आईनं ते उगाच मोडलं नव्हतं."

तेव्हापासून माझं लाल बटण दाबलं गेलेलं नाही. दोघं अजून गातात. पूर्वीची मजा राहिली नाही, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

मित्रांनो, लाल बटण दाबण्याआधी खाली कोण आहे ते एकदा ऐकून घ्या. माझी फीत आता झिजत चालली आहे. तरी कधीतरी दोघं येतात, शेवटचा तेवढाच तुकडा लावतात. बाई हाक मारते, आणि धाकटा मुकाट्यानं उठून हात धुऊन येतो.