सुपडूची जागा

नानांच्या तळहातावर उन्हाळा कायमचा वस्तीला आलेला. तापलेल्या मातीच्या रंगाची ती भेगाळ त्वचा, आणि चेंडू अडवता अडवता तीन दिशांना वळलेली तीन बोटं. अमळनेरच्या आमच्या क्लबाने फुटबॉलचा पहिला करंडक जिंकला, तेव्हा नाना गोलरक्षक होते. बोलता बोलता ते हात असे पसरतात, की त्यांच्या दोन्ही अंगांना अदृश्य खांब उभे असल्याचा भास व्हावा. त्या अकरा जणांतले आता ते एकटेच उरले आहेत. अंतिम सामन्यातला एकमेव गोल सुपडूचा. तेलाच्या गिरणीत पोती वाहणारा, अनवाणी खेळणारा, वाऱ्यालाही हुलकावणी देणारा सुपडू. त्याचं नाव घेताना नानांच्या कोरड्या स्वरात पहाटेची ओल उतरते.

यंदा क्लबाने त्या विजयाचा सोहळा केला. संघाचा जुना फोटो मीच नानांकडून मागून नेऊन दिला.

वैशाखातलं ऊन मांडवाच्या कापडातून गळत होतं. अत्तर, घाम आणि आंबलेल्या मठ्ठ्याचा वास एकमेकांत कुजत होता. पाहुणे पुढारी दोन तास उशिरा आले, तोवर नाना व्यासपीठावर ताठ बसून होते. मग फलकावरचा पडदा सरला. फोटो तोच, मोठा करून छापलेला, फक्त सुपडूच्या धडावर पुढाऱ्यांच्या वडिलांचा गुळगुळीत, तुकतुकीत चेहरा चिकटवलेला. त्या गृहस्थांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता.

मला शिसारी आली. टाळ्या मात्र कडाडल्या.

पुढारी शाल घेऊन वाकले. नानांनी ती बाजूला सारली आणि फलकाकडे हात केला.

"आठे सुपडू व्हता. हाऊ माणूस आमनामा नव्हता."

"नानांचं आता वय झालंय," निवेदक माइकवर हसला. मांडवही हसला.

नानांची नजर गर्दीतून फिरत माझ्यावर थांबली. "सांग ना भाऊ, फोटो तूच लई गया व्हता ना?"

पुढाऱ्यांच्याच शाळेत मी शिकवतो. मी मान खाली घातली. नाना कठडा धरत एकटेच पायऱ्या उतरले आणि उन्हात चालत गेले.

दुसऱ्या दिवशी फोटो परत करायला गेलो. उंबऱ्यातच त्यांनी तो घेतला, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली. बस म्हणाले नाहीत, पाणी विचारलं नाही. दार लागलं, आणि त्या क्षणी पुढाऱ्यांची वाटली त्याहून गडद किळस मला माझी वाटली.

माणसाला नेणं हे काळाचं कामच आहे. पण गेलेल्याची रिकामी जागाही कुणी बळकावतं आणि आपण मुकाट पाहत राहतो, तेव्हा विस्मरणाचं ते पाप काळाच्या माथी मारता येत नाही.