आधीच आत गेलेली बाई

"बाई, तुम्ही आधीच आत गेला आहात," काचेमागचा अधिकारी म्हणाला.

धाकटीला वाटलं, हा थट्टा करतोय. छावणीत दिवस मोजून मोजून आज कुठे तिचा नंबर लागला होता, सीमेवरच्या मशीनने तिचा चेहरा टिपला होता, आणि हा बाबा म्हणतोय ती आत आहे!

"अहो, मी आत असते तर तुमच्यासमोर कशाला तिष्ठत राहिले असते?"

"या चेहऱ्याला गेल्या वर्षीच आश्रय मिळालाय. दुसऱ्या नावाने पुन्हा मागणं म्हणजे फसवणूक. संध्याकाळच्या गाडीने परत जायचं."

परत म्हणजे कुठे, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला घरातून ओढून नेणारे अजून तिथेच होते. पण या मेल्यासमोर रडायचं नाही, हे तिने ठरवून टाकलं.

"ती माझी जुळी बहीण आहे! बोटांचे ठसे घ्या, लगेच सोक्षमोक्ष लागेल."

"मशीनला शंका आली तरच ठसे घेतात. मशीनला शंका नाही."

"मशीनला नाही, पण तुम्हाला? डोकं घरी ठेवून येता का कामाला?"

त्याने तिला परतीच्या बाकावर बसवलं. तिथे एक आजोबा आधीच बसलेले. "मलाही आत गेलेला ठरवलंय," ते म्हणाले. "आणि मला तर भाऊच नाही."

पलीकडच्या दाराबाहेर, गेल्या वर्षीच आत गेलेली थोरली बहिणीची वाट बघत उभी होती. जन्माने घटकाभरच मोठी, पण तोरा आईचा. धाकटीला त्या बाकावर बघून तिचं टाळकंच सटकलं. पहारेकऱ्याला ढकलून ती थेट आत घुसली आणि मशीनसमोर उभी राहिली. मशीनने तिलाही ओळखलं.

"या चेहऱ्याला परत पाठवताय ना? मग मलाही घाला गाडीत. दोघींतली खरी कोण, ते तुमच्या मशीनलाच विचारा!"

रांगेत हशा पिकला. काचेमागच्याच्या तोंडचं पाणी पळालं. मोठे साहेब धावत आले, गुपचूप ठसे घेतले. अर्थातच वेगळे निघाले.

"आमची काही तक्रार नाही, एवढी सही करा," साहेबांनी कागद सरकवला, "आणि जा आत."

"कर गं बाई," थोरलीने तिच्या हातात पेन कोंबलं. "घरी जाऊ."

घरी! हा शब्द ऐकून धाकटीचे डोळे भरून आले. तिने पेन कागदावर टेकवलंसुद्धा. मग तिची नजर बाकाकडे गेली.

"आधी आजोबांचे ठसे घ्या."

"तुमचं काम झालंय. नसत्या भानगडीत पडू नका. सही नाही तर प्रवेश नाही, आणि गाडी आता येईलच."

"जा पोरी, जा तू," आजोबा पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा आजोबा." मग ती साहेबांकडे वळली. "माझ्यासाठी माझी ताई धावून आली. यांच्यासाठी कोण येणार?"

पेन ठेवून ती आजोबांशेजारी जाऊन बसली.

थोरलीने कपाळाला हात लावला. "लहानपणापासून अशीच हट्टी आहे ही," ती साहेबांना म्हणाली, आणि आजोबांच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली.

बाहेर परतीच्या गाडीचा हॉर्न वाजला. बाकावरचं कुणीही उठलं नाही.