निळा साबण

"मार!" मुनसामी ओरडला.

सेमिसीने किल्ली फिरवली. स्टार्टर दणदणून फिरला, इंजिन घुरघुरलं, पण पेटलं नाही.

"पुरे. धूर?"

सेमिसीने केबिनच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मागे पाहिलं. ऊसतोडीच्या टोळीतला सगळ्यात दांडगा तोडणीवाला तो. "धूर कसला, काका! माझी बायको चिडली की तिच्यातून जास्त निघतो."

मुनसामी हसला नाही. बॅटरी ठणठणीत होती. पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, असं म्हणता आलं असतं. काहीच येत नव्हतं, म्हणजे डिझेल पोचतच नव्हतं. त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हातपंप दाबला. भोकातून फेस आला. हवा. सलग तिसऱ्या सकाळी हवा.

तावुआ गावच्या या टोळीचा ऊस एकतीस वर्षं मुनसामीची लॉरी साखरेच्या गिरणीत नेत होती. गेले दोन दिवस हवा काढून लॉरी चालू होईपर्यंत दहा वाजत होते आणि गिरणीतली पाळी हुकत होती. तोडलेला ऊस उन्हात वाळत पडला होता. आज बारा वाजता टोळीची बैठक होती. उरलेल्या हंगामाचा ऊस कोण नेणार, हे तिथे ठरायचं होतं. टोळीचा सरदार हरख. त्याच्या जावयाने गेल्याच महिन्यात लौतोका शहरातून नवी लॉरी आणली होती.

हरख मुनसामीचा जुना मित्र. लॉरी उभी राहायची तीही त्याच्याच अंगणात, कारण मुनसामीच्या घरापर्यंत रस्ताच नव्हता. तिन्ही दिवस तो सकाळी चहाचा पेला घेऊन बाहेर आला आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "म्हातारी झाली रे ही, मुनसामी. आपल्यासारखीच." आजही तेवढंच बोलून तो बैठकीच्या तयारीला निघून गेला होता.

मुनसामीने डिझेलचा डबा इंजिनाशेजारी टांगला आणि त्यातली नळी थेट पंपाला जोडली. हवा काढून म्हणाला, "मार."

इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं.

"झाली की!" सेमिसीने स्टिअरिंगवर थाप मारली.

"बंद कर. काही झालेलं नाही. पंप चांगला आहे, एवढंच कळलं."

दोष टाकी आणि पंप यांच्या मध्ये होता. टाकी खाली, इंजिन वर. वाटेत कुठे हवा शिरली की रात्रभरात नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं. दोन दिवस त्याने खालून दिसणारा प्रत्येक सांधा तपासला होता. न दिसणारा एकच होता.

बारा वर्षांपूर्वी वादळानंतर पुलाजवळ ही नळी तुटली, तेव्हा त्याने तिथल्या तिथे सांधा मारला होता. चासीच्या पट्टीवर, आतल्या बाजूला. पुन्हा दगड लागू नये म्हणून. नळी धरून बसला होता हरख. हवा शिरू नये म्हणून दोघांनी मिळून वर साबण चोपडला होता. "सांधा कधी उघडा सोडायचा नाही," मुनसामीने त्याला बजावलं होतं, "साबण लावल्याशिवाय हात धुवायचा नाही." त्या सांध्याला नंतर कधी हात लावावा लागला नव्हता. तो सांधा आहे, हेच मुनसामी विसरला होता.

पट्टीवरून हात घालून त्याने चाचपडलं. बारा वर्षांचा साबण दगड व्हायला हवा होता. बोट मऊ लगद्यात रुतलं. पाना न लावताच नट दोन बोटांत फिरला.

त्याने हात बाहेर काढला. बोटांवरचा साबण निळा, ताजा होता. नट सैल करणाऱ्यानेही सांधा उघडा सोडला नव्हता.

लॉरीच्या पलीकडे, हरखच्या नळावर, तोच साबण ठेवलेला होता.

"काय सापडलं, काका?"

"सांधा सैल झाला होता."

"आपोआप?"

मुनसामी पुन्हा पट्टीशी वाकला. पाना लावून नट आवळला, नळी पुन्हा जागेवर जोडली, हवा काढली. नळावर हात धुवायला गेला आणि न धुताच परत फिरला.

बैठक आंब्याखाली होती. त्याने लॉरी तिथवर नेली आणि इंजिन चालूच ठेवून उतरला. चटईवर वीसेक माणसं होती, मध्ये यांगोनाची, मुळं कुटून केलेल्या पेयाची, लाकडी परात. सगळ्यांच्या नजरा लॉरीकडे वळल्या.

"बरं झालं आलास," हरख म्हणाला. "आत्ताच जावयाच्या लॉरीसाठी हात वर झाले. ऊस वाळतोय रे, लोक थांबत नाहीत. तुझ्यावर राग नाही कुणाचा."

"पण चालू झालीय की लॉरी!" सेमिसी मागून म्हणाला. "ऐकू येत नाही?"

"आज झाली," हरख म्हणाला. "उद्याचं कोण सांगणार?"

"तूच सांग," मुनसामी म्हणाला. "तुलाच ठाऊक असतं."

त्याने चटईवर हात टेकला. उचलला तेव्हा हरखच्या गुडघ्यापुढे निळा डाग उमटला होता. हरखने तो पाहिला आणि हळूच त्यावर पाय सरकवला. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा रागावलाय.

"पी रे," हरख म्हणाला. त्याने स्वतः करवंटी भरून पुढे केली.

घेण्याआधी एक टाळी, रिकामी केल्यावर तीन; देणाऱ्याचा मान राखायची ही रीत. एकतीस हंगाम मुनसामीने या चटईवर त्या वाजवल्या होत्या. त्याने करवंटी घेतली, एका दमात रिकामी केली आणि चटईवर पालथी ठेवली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

टाळ्यांची वाट पाहत सगळे थांबले. मागे लॉरीचं इंजिन एका लयीत चालत होतं.