आईच्या मेंदूत हरवलेली दुपार

"वहिनी, बाळ झोपलं की तूही आडवी होत जा. एक दिवस डोकं दगा देईल."

"बाळ मोठं झालं की झोपेन हो!"

"मग ते कॉलेजातून उशिरा येईल, तेव्हाही तू जागीच!"

दोघी हसल्या. नणंदबाई परिचारिका, कामावर निघून गेल्या. मला मात्र हसू आलं नाही.

मित्रांनो, मी त्या वहिनीच्या, म्हणजे एका तरुण आईच्या, मेंदूतला जुना कामगार आहे. कानाच्या आत खोलवर बसतो. मला हिप्पोकॅम्पस म्हणतात. डोळे, कान, नाक जे आणतील ते गुंफून त्याची आठवण बनवायची आणि ती झोपली की मेंदूच्या वरच्या थरांकडे थोडं थोडं सोपवायचं, हे माझं काम. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, "काय डोकं आहे गं तुझं!" मीही फुशारायचो. तेव्हा ती झोपायची.

बाळ आलं आणि माझं प्रत्येक काम अर्धवट राहू लागलं.

परवा बाळाला ताप होता. या घराची एक पद्धत आहे. औषध पाजलं की चमचा न धुता खिडकीत ठेवायचा. खरकटा चमचा म्हणजे औषध झालं. पण दुपारी तिने औषध पाजलं आणि चमचा धुऊन टाकला. भांडं दिसलं की धुवायचं, अशा सवयी सांभाळणारा मेंदूतला माझा शेजारी हात चालवताना मला विचारत नाही. आणि मी इतका दमलो होतो, की माझ्यावर काही उमटलंच नाही.

थोड्या वेळाने बाळाचे बाबा म्हणाले, "चमचा स्वच्छ आहे. औषध राहिलं वाटतं. दे पटकन."

तिने चमचा भरला, बाळाला जवळ घेतलं. लाळेऱ्याला त्याच औषधाचा, संत्र्यासारखा गोडसर वास! वासाची वाट माझ्या दारावरूनच जाते. शेजारचा भीतीचा भाग दचकला. कपाळामागचा भाग म्हणाला, थांब.

"अरे, मी पाजलंय की काय? मला आठवत कसं नाही?" तिने चमचा खाली ठेवला आणि नणंदेला फोन लावला.

फोनवर नणंदबाई म्हणाल्या, "खात्री नाही ना? मग अजिबात देऊ नकोस. डॉक्टरांना विचार. आणि बाळ दादाकडे दे आधी!"

डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. बाबांनी बाळाला खांद्यावर घेतलं. ती झोपली, मी कामाला लागलो. पण ती दुपार मी तिला कधीच देऊ शकणार नाही. जे उमटलंच नाही, ते कुठून आणू?

मित्रांनो, नवं बाळ आलं की सगळे बाळाला बघायला जातात. तुमच्या शेजारी असं घर असेल, तर आज तुम्ही आईकडे बघा. विचारा, "काकू, तुम्ही झोपलात का?" ती "हो" म्हणाली, तरी लगेच निघू नका; थोडा वेळ बाळाजवळ बसा.