श्वासाची फाइल

ऑफिसात सगळे त्याला पिळ्या म्हणत, कारण दिवसभर तो आवाज पिळायचा. तक्रारींच्या फोनची कच्ची रेकॉर्डिंगं काळ्या पडद्यावरच्या एका ओळीनं आवळून इवलीशी करायची, हेच त्याचं काम. अकरा वर्षं तीच ओळ: प्रोग्रामचं नाव, सेकंदाला आवाजाचे किती नमुने ते, शांतता गाळायचा पर्याय आणि शेवटी मूळ फाइल पुसायचा हुकूम. ती ओळ आता डोक्यातून नाही, बोटांतून यायची.

त्या दुपारी तीनशे फायली उरकल्या. तीनशे एकावी बाबांची होती, दवाखान्यात ऑफिसच्या रेकॉर्डरवर टिपलेली वीस मिनिटं. बाबा गेल्यापासून आईला झोप नव्हती. "त्यांचा श्वास ऐकला की डोळा लागायचा रे," ती म्हणाली होती. "तेवढा माझ्या फोनात घालून दे." फोन जुना, एवढी मोठी फाइल त्यात मावेना. पिळ्यानं जांभई देत एंटर दाबलं.

चहाचा पहिला घोट घेताना त्याच्या लक्षात आलं. हा प्रोग्राम बोलण्यासाठी बनवलेला. कोणी बोलत नसेल तिथलं सगळं तो टाकून देतो आणि ऐकणाऱ्याला फोन कटला असं वाटू नये म्हणून स्वतःच बनवलेली बारीक सळसळ भरतो. वीस मिनिटांत बाबा बोलले होते एकदाच. बाकी नुसता श्वास होता. तो गेला, आणि मूळ फाइलही गेली. संध्याकाळपर्यंत त्यानं कॉम्प्युटर पालथा घातला, पण हाती काही लागलं नाही. त्याला स्वतःच्या बोटांचा संताप आला.

घरी त्यानं तीच पिळलेली फाइल आईच्या फोनात घातली. आईनं हेडफोन लावून डोळे मिटले. तो बूटही न काढता दारात उभा राहिला. खरं सांगायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

"हा श्वास आहे?"

"हो. हाच."

"अरे, चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी झोपलेय मी. मला शिकवतोस?"

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"बोलले होते ते तरी आहे?" तिनं विचारलं.

त्यानं फाइल पुढे सरकवली. तिच्या कानात बाबांचा आवाज आला, "खिडकी लाव गं, वारा येतोय." आईनं ते तीनदा ऐकलं.

"हे तरी त्यांचंच ना?"

बोलणंसुद्धा प्रोग्राम जसंच्या तसं ठेवत नाही, समजण्यापुरतं ठेवतो. पण दुसऱ्यांदा खोटं बोलणं त्याच्यानं होईना.

"बरंचसं," तो म्हणाला.

"चालेल." आईनं फोन उशाखाली सारला. "सदा कामावर असायचे. जिवंतपणी तरी कुठे पुरते आले माझ्या वाट्याला? तू बूट काढ आधी. तूही तसाच व्हायला लागलायस."