बॅटरीवर घेतलेलं माप

अकोल्यात अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे पुष्कळ, पण बनवलेला मोजून देणारा सुगत एकटाच, आणि हे तो गिऱ्हाइकाला दोनदा तरी ऐकवायचा. बाकीचे नुसतं हॅलो हॅलो करून डबा हातात ठेवतात, असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडचं सेलवर चालणारं यंत्र मूळ सूर गाळून टाकायचं आणि अ‍ॅम्प्लिफायरनं पदरची घातलेली भेसळ तेवढी सुईवर दाखवायचं. भेसळ टक्क्याच्या आत आली की डब्यावर चिठ्ठी लागायची.

धरणाखालच्या सहा गावांच्या भोंग्यांचं काम त्याला या चिठ्ठ्यांमुळंच मिळालं. दरवाजे उघडण्याआधी नदीकाठाला बोलून सावध करायचे भोंगे. त्यातला एक बार्शीटाकळीकडे, त्याच्या धाकट्या बहिणीच्या गावात पुलाच्या तोंडाशी उभा होता. मैनाच्या गावात आपला आवाज, याची त्याला कोण मिजास.

भाद्रपदातल्या त्या दुपारी तो सातवा, जादाचा डबा तपासत होता, तेवढ्यात लाईन गेली. काम अर्धवट सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. कोपऱ्यातली जुनी बॅटरी ओढली, तारा जोडल्या, आवाज पूर्ण चढवला. सुई अर्ध्या टक्क्यावरून उठली ती तिसावर जाऊन थांबली.

यंत्र बिघडलं म्हणून त्यानं दोन शिव्या हासडल्या. मग बॅटरी तपासली, तर बाराच्या जागी जेमतेम साडेदहा व्होल्ट. एवढ्यावर ट्रान्झिस्टरला वर चढायला जागाच नव्हती. सुराचे माथे विळ्यानं छाटल्यासारखे सपाट होत होते. त्यानं कर्णा जोडला आणि माईकवर म्हटलं, "पाणी सोडून राहिलो, पुलावर येऊ नका." कर्ण्यातून नुसता घरघराट आला, त्यात शब्द एकही नव्हता.

सहाही डबे त्यानं दुकानातल्या लाईनवर मोजले होते, बॅटरीवर एकही नाही. आणि भोंगे वाजायची वेळ येते तेव्हा गावात लाईन नसते, ते बॅटरीवरच चालतात, हे शेंबडं पोरही सांगेल. या शहाण्याला ते आत्ता सुचलं. धरणाच्या वरच्या अंगाला दोन दिवस पाऊस कोसळत होता. त्यानं मैनाला फोन लावला.

"मैना, तुमच्याकडे लाईन हाय का?"

"सकाळपासून नाई. कावून रे?"

"भोंगा वाजला का?"

"वाजूनच राहिला ना दादा, घंटाभर झाला. पन काय सांगून राहिला ते काईच समजत नाई."

"आयक, पाणी सोडून राहिले. पोराईले घे अन् वर शाळेकडे जाय."

"काय म्हनतं? इथं लई गलका हाय. घरून समजत नाई म्हनून सारा मोहल्ला पुलावर आला, जवळून आयकाले. पोरंबी संगंच हायेत."

"पुलावरून उतर," सुगत ओरडला. घसा फाटेस्तोवर पुन्हा ओरडला.

"थांब ना दादा, तो पुन्हा बोलून राहिला," मैना म्हणाली. "मले आयकू दे जरा." आणि तिनं फोन कानापासून दूर केला.